दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडणारा संगणक : नागपूरच्या उन्हाळ्यात घरच्या संगणकाची निगा कशी राखावी?

प्रतापनगरवासी (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरी दहा वर्षांपूर्वी घेतलेला टेबलावरचा संगणक आहे. निवृत्तीनंतर सोसायटीचे हिशोब, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि पुण्याच्या लेकीशी होणारे व्हिडिओ कॉल ही सगळी कामे मी त्याच्यावरच करतो. एप्रिलच्या मध्यापासून तो दुपारी एकाएकी बंद पडू लागला आहे. संगणक यूपीएसला, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणाऱ्या डबीला, जोडलेला आहे. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. काम सुरू असताना क्षणात सर्व काळे होते. रात्री नऊनंतर मात्र तोच संगणक तीन-तीन तास विनातक्रार चालतो. एका दुकानात नेला असता तिथल्या गृहस्थांनी पेटी न उघडताच मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य परिपथ फलक, गेल्याचे सांगितले आणि नव्या संगणकाचे दरपत्रक हातात ठेवले. मदरबोर्ड खरोखरच गेला असता तर तो रात्री कसा चालला असता, एवढाच माझा साधा प्रश्न आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सोबतच नागपूरच्या उन्हाळ्यात संगणकाची निगा कशी राखावी, हेही कोणी सविस्तर लिहिले तर माझ्यासारख्या अनेकांना उपयोग होईल.

दुरुस्तीवाला

काका, तुमची शंका रास्त आहे. मी वीस-एक वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि दर उन्हाळ्यात "मदरबोर्ड गेला" असे सांगून परत पाठवलेली यंत्रे माझ्याकडे येतात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत धूळ, उष्णता किंवा वीजपुरवठा यांपैकीच काहीतरी निघते.

आधी उष्णतेचा विचार करू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली दुपारी सहज ४० अंशांवर असते. प्रोसेसरवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपवरचा, पंखा थंड हवा निर्माण करत नाही, तो फक्त खोलीतली हवा धातूच्या पात्यांवरून फिरवतो. त्यामुळे खोली ४० अंशांवर असताना आतली चिप ४० च्या खाली जाणे शक्यच नसते, आणि खोलीचे तापमान जितके वाढेल साधारण तितकेच चिपचेही वाढते. त्यात पंखा आणि पाती यांच्यामध्ये धुळीचा नमदा बसलेला असेल, तर हवा आत जाणारच नाही. चिप तापली की आधी ती स्वतःचा वेग कमी करते, आणि तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी संगणक थेट बंद होतो. म्हणून तुमच्याकडे बंद पडण्याआधी संगणक रेंगाळतो का, पंख्याचा आवाज चढतो का, हे नीट पाहा. रेंगाळत असेल आणि पंखा घरघरत असेल तर कारण बहुधा उष्णतेचे आहे. काहीही न जाणवता एकदम काळोख होत असेल, तर वीजपुरवठ्याकडे लक्ष द्यावे लागेल.

सफाई घरी करता येते, परंतु घाई करू नये. ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो ती पेटी भिंतीच्या प्लगपासून पूर्ण वेगळी करावी, सुरू करण्याचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, आणि पेटी गॅलरीत किंवा अंगणात न्यावी. ही सूचना मुद्दाम देतो, कारण एका घरी पलंगावर पेटी उघडून ब्लोअर मारला होता आणि नंतर गाद्या धुवायला काढाव्या लागल्या. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यावर बोट किंवा पेन्सिल टेकवून तो अडवून धरावा, नाहीतर तो वाऱ्याने भन्नाट फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते. कोपऱ्यांतल्या धुळीसाठी रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश पुरतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नये, त्याच्या नळीवर स्थितिक वीज साठते. प्रोसेसरवरचा धातूचा भाग उगाच सैल करू नये. तो एकदा उचलला की मधला थर्मल पेस्टचा, म्हणजे चिपची उष्णता धातूकडे नेणाऱ्या लेपाचा, थर तुटतो आणि जुना पुसून नवा लावल्याशिवाय पुन्हा बसवून उपयोग नसतो. दहा वर्षांच्या यंत्रात ही पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते, त्यामुळे एकदा ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. वीजपुरवठ्याची बंद डबी, म्हणजे एसएमपीएस, मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज काही काळ टिकून राहते.

तोवर एक काम करा. एका वहीत संगणक बंद पडण्याची नेमकी वेळ आणि त्या क्षणी घरात आणखी काय सुरू होते, हे आठवडाभर लिहून ठेवा. कोणतेही महागडे उपकरण जे सांगत नाही, ते पुष्कळदा अशी वही सांगते.

वाळ्याची_ताटी

माझा प्रश्न कूलरविषयी आहे. आमच्या घरी संगणकाची खोली आणि कूलरची खोली एकच आहे. यजमान म्हणतात की संगणक थंड राहावा म्हणून कूलरचा झोत थेट पेटीवर घ्यावा आणि पेटीचे एका बाजूचे झाकण उन्हाळाभर काढूनच ठेवावे. मला हे दोन्ही उपाय पटत नाहीत, परंतु का पटत नाहीत हे नेमके सांगताही येत नाही.

दुरुस्तीवाला

ताई, तुमचे न पटणे बरोबर आहे. कूलरच्या हवेत ओलावा असतो आणि पंपाचा जोर जास्त असेल तर बारीक तुषारही असतात. आपल्याकडे पुष्कळ घरी कूलरमध्ये बोअरचे जड पाणी भरतात; ते तुषार सुकले की मागे क्षारांचा पांढरा थर राहतो. कूलरच्या जाळीवर जे पांढरे कीट दिसते तेच मी मदरबोर्डवर पाहिले आहे. आधीच बसलेल्या धुळीला हा ओलावा लागला की तिचा चिखल होऊन ती पात्यांना चिकटते आणि मग ब्लोअरनेही निघत नाही. याचा अर्थ कूलरच्या खोलीत संगणक ठेवूच नये असा नाही. खोली थंड असण्याचा संगणकाला फायदाच होतो, फक्त पेटी झोताच्या सरळ रेषेत नसावी आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे असावे, म्हणजे दमट हवा कोंडत नाही.

झाकणाबद्दल सांगायचे तर, झाकण लावलेले असताना हवा पुढून शिरून मागून बाहेर पडते. ते काढले की हा मार्गच मोडतो, आणि धूळही अधिक वेगाने आत जाते. शिवाय पाली. उबेसाठी आत शिरलेली पाल एसएमपीएसच्या दोन टोकांवर पडून यंत्र जळाल्याची उदाहरणे माझ्या टेबलावर दरवर्षी येतात. मागच्या बाजूला कार्डाच्या रिकाम्या जागेची पट्टी निघालेली असेल, तर तीही बसवून घ्यावी.

रेशीमबागकर

लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी थोडे. गादीवर किंवा उशीवर ठेवून लॅपटॉप वापरला की खालच्या झरोक्यांची तोंडे बंद होतात. खाली साधी लाकडी पाटी ठेवली तरी पुरे. दिवसभर चार्जरला लावून वापरत असाल तर बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उन्हाळ्याची उष्णता एकत्र आली की ती लवकर फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटू लागला तर वापर तत्काळ थांबवावा, आणि फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये. उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये लॅपटॉप विसरू नये, हे सांगायची गरज नसावी. तरी मी स्वतः विसरलो होतो.

प्रतापनगरवासी (धागाकर्ता)

दुरुस्तीवाले यांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे नऊ दिवस वहीत नोंदी ठेवल्या. मध्ये पुतण्याच्या मदतीने अंगणात पेटी उघडून सफाईही केली. आमच्या समोरच्या रस्त्याचे सिमेंटीकरण मागच्या वर्षभर चालले होते. आतून निघालेली करडी भुकटी पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. सफाईनंतर पंख्याचा आवाज एकदम उतरला, परंतु संगणक बंद पडणे थांबले नाही.

नोंदी पाहिल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. नऊपैकी सात दिवस संगणक दोन ते सव्वादोनच्या दरम्यान बंद पडला आणि उरलेले दोन दिवस तो त्या वेळी बंदच पडला नाही. त्या दोन दिवशी आमचा चौकीदार सुटीवर होता. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी होते, म्हणून चौकीदार रोज दोन वाजता बोअरचा पंप सुरू करतो. पंप सुरू होताना खोलीतला दिवा क्षणभर मंदावतो, हे मी अनेकदा पाहिले होते, पण त्याचा संबंध संगणकाशी कधी लावला नव्हता. रात्री पंप चालत नाही. आता पुढे काय करावे?

वीजतंत्री

काका, तुमच्या वहीनेच निदान केले आहे. पंपाची मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे क्षणभर दाब खाली येतो. अशा वेळी यूपीएसने पुरवठा बॅटरीवर घ्यायचा असतो. तुमचा यूपीएस तो घेतो आहे, परंतु त्याची बॅटरी मेलेली असल्याने त्याच क्षणी सर्व काही बंद पडते. यूपीएस नसता तर कदाचित संगणक त्या झटक्यातून तरलाही असता. निकामी बॅटरीचा यूपीएस हा यूपीएस नसण्यापेक्षा वाईट असतो, असे मी म्हणतो ते यासाठीच.

घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. तिचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की ते अंदाजे निम्मे होते. मग नागपुरात, टेबलाखाली कोंदट जागेत ठेवलेली बॅटरी दोन-अडीच वर्षांत मान टाकते, यात तिचा दोष नाही. तपासण्याची सोपी रीत अशी, की यूपीएसला संगणकाऐवजी जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा तारेचा बल्ब जोडावा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढावा. एलईडी दिवा यासाठी चालत नाही, कारण तो फार कमी वीज खातो. बल्ब दहा-पंधरा मिनिटे टिकला तर बॅटरी ठीक आहे. लगेच विझला तर बॅटरी बदलावी, संपूर्ण यूपीएस बदलण्याची गरज नाही. जुनी बॅटरी परत घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देणारे दुकानदार मिळतात. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नये. तो तापताना इतका प्रवाह ओढतो, की छोटा यूपीएस गुडघे टेकतो.

आता अर्थिंगविषयी, कारण हा विषय कोणी काढत नाही. अनवाणी उभे राहून पेटीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तुमच्या घरी अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे. एसएमपीएसच्या आतले गाळणी परिपथ थोडी वीज पेटीच्या अंगावर सोडतात आणि ती अर्थच्या तारेतून जमिनीत जावी अशी रचना असते. ती तारच नसेल तर पेटीवर २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह कमी असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या जाणवतात, पण पेनड्राइव्ह आणि प्रिंटरचे भाग मात्र यामुळे खराब होतात. प्लगची तिसरी जाड पीन तोडून दोन छिद्रांत खुपसणे हा गुन्हा अनेक घरांत घडलेला असतो. दुसरे कारण आपल्या मातीचे आहे. ज्या भागात काळी माती आहे तिथे उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीशी तिचा संपर्क तुटतो. पूर्वीचे लोक एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत असत, ते शास्त्राला धरूनच होते. तुमच्या इमारतीतला खड्डा कुठे आहे हे चौकीदाराला तरी ठाऊक आहे का, ते एकदा विचारून पाहा. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर तेही आजच वेगळे करा.

अंबाझरीकर

यंत्राविषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून मी यंत्राच्या आत असलेल्या गोष्टींविषयी लिहितो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्याच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होते. संगणकाची पेटी टेबलाखाली जमिनीवर होती, तशी ती बहुतेकांच्या घरी असते. पाणी ओसरल्यावर आम्ही पेटी दोन दिवस उन्हात ठेवली आणि वरून कोरडी दिसते म्हणून सुरू केली. ही आमची सर्वात मोठी चूक होती. आतला गाळ ओलाच होता. मदरबोर्ड तर गेलाच, हार्ड डिस्कवरचे परिपथही जळाले. न सुरू करता ती डिस्क तशीच तज्ज्ञाकडे नेली असती तर त्यातला मजकूर मिळण्याची शक्यता बरीच अधिक होती, असे नंतर कळले.

मी निष्काळजी नव्हतो. सर्व छायाचित्रांची दुसरी प्रत मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली होती. ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. प्रत दोन ठिकाणी होती, पण दोन्ही ठिकाणे एकाच पाण्याखाली गेली. आईच्या पंच्याहत्तरीची छायाचित्रे त्यांत होती.

आता आमच्याकडे तीन प्रती असतात. एक संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या डिस्कवर, जी दिघोरीला बहिणीच्या घरी असते आणि दर पोळ्याला व संक्रांतीला अदलाबदल होते. अत्यंत महत्त्वाची कागदपत्रे इंटरनेटवरच्या साठवणीतही आहेत. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवावी, कायम जोडून ठेवू नये. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू आला तर तो जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. पेनड्राइव्हला मी प्रत मानत नाही. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतली चार-दोन छायाचित्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. पेटी आता जमिनीपासून दोन फूट उंच फळीवर आहे.

रात्रपाळी

धागाकर्त्यांचा संगणक दहा वर्षांचा आहे, म्हणजे त्यावर बहुधा विंडोज १० असावे. त्याचा नियमित सुरक्षा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही आणि पुढेही पडणार नाही, परंतु नव्याने सापडणाऱ्या त्रुटी आपोआप बुजवल्या जाणार नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तुमचे यंत्र त्यात बसणार नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा पुरवठा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवला आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून अपडेटच्या पानावर त्याची नोंदणी करता येते. त्यानंतर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालावी, असे माझे मत आहे. हिशोब, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी ती उत्तम चालते. अडचण एकच येते, ती जुन्या मराठी फायलींची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले हिशोब तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य रोमन अक्षरांत दिसतात. ते आताच युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करून ठेवावेत आणि पुढचे टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर करावे.

यंत्र फार हळू वाटत असेल तर नवा संगणक घेण्याआधी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून पाहा. दहा वर्षांच्या यंत्राला याहून मोठा उपाय नाही. एसएसडी बसवल्यावर मात्र जुन्या सवयीने डिफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे, करू नये, त्याचा फायदा काही नाही आणि झीज तेवढी होते. संगणक वेगवान करून देतो म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून दूर राहावे. माझ्या अनुभवात संगणक हळू होण्याचे ते एक कारणच असते.

वाळ्याची_ताटी

एक धोक्याची सूचना इथेच देते. मागच्या महिन्यात सासूबाई भजने ऐकत असताना पडद्यावर मोठ्याने भोंगा वाजू लागला, संगणकाला विषाणू लागला असून अमुक क्रमांकावर फोन करा, असे इंग्रजीत लिहून आले. त्यांनी फोन केला, आणि समोरच्याने दूरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर घालायला सांगितले. सुदैवाने मी त्याच वेळी खोलीत आले आणि थेट भिंतीवरचे बटण बंद केले. तो विषाणू नव्हता, केवळ एक वेबपान होते. ब्राउझर बंद केला असता तरी पुरे झाले असते. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. सासूबाईंच्या पडद्याच्या कडेला आता तो क्रमांक चिकटवलेला आहे.

प्रतापनगरवासी (धागाकर्ता)

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की बल्बची परीक्षा घेतली असता तो दोन सेकंदांत विझला. सीताबर्डीहून नवी बॅटरी आणली, जुनी तिथेच दिली. काल आणि आज दोन वाजता पंप सुरू झाला, यूपीएसने एक टिक असा आवाज केला आणि संगणक चालू राहिला. दरपत्रक अजून खणात आहे. अर्थिंगचा खड्डा चौकीदाराला ठाऊक नव्हता; शेवटी तो तुळशीच्या कुंडीखाली सापडला. बाहेरची डिस्कही घेतली आहे आणि लेक पुढच्या महिन्यात येईल तेव्हा एक प्रत तिच्याबरोबर पुण्याला जाईल.

एक शेवटची शंका. मृग लागायच्या आधी आपल्याकडे विजांसह वादळे येतात. तेव्हा संगणक बंद करणे पुरेसे आहे, की यूपीएसचा प्लगही काढावा?

वीजतंत्री

यूपीएसचा भिंतीतला प्लगच काढावा. बटण बंद करून भागत नाही, कारण बटणाच्या दोन टोकांतले अंतर आकाशातल्या विजेला काहीच नसते. त्याबरोबर इंटरनेटची तारही काढावी. तुमच्याकडे फायबरचे जोडणीयंत्र असेल तर बाहेरून येणारी काचेची तार वीज वाहत नाही, पण त्या यंत्राचा अडॅप्टर भिंतीत असतो आणि तिथून संगणकापर्यंत आलेली तार तांब्याची असते, म्हणून तो अडॅप्टरही काढावा. मात्र गडगडाट ऐकू येण्याआधी हे सर्व करावे. डोक्यावर विजा कडाडत असताना प्लगला हात लावायला जाऊ नये. संगणक गेला तरी चालेल.

प्रतापनगरवासी (धागाकर्ता)

समजले. फायबरच्या अडॅप्टरवर आणि यूपीएसच्या प्लगवर लाल चिकटपट्टी लावली आहे, म्हणजे मी घरी नसलो तरी सौभाग्यवतींना कोणते दोन काढायचे ते कळेल.